दाराची साखळी

नोकरी सोडायला माणूस भाड्याने मिळतो, हे मी मोतेगी साहेबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते खो खो हसले होते. "म्हणजे भांडण आपलं आणि तोंड शेजाऱ्याचं!" असं म्हणून त्यांनी ती गोष्ट उडवून लावली. पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे तसा फोन आला.

फोन मीच घेतला. आवाज फार गोड होता. "आपल्याकडील एका कर्मचाऱ्याच्या वतीने बोलतो आहे. आजपासून ते कामावर येणार नाहीत. कृपया त्यांच्याशी किंवा त्यांच्या घरच्यांशी थेट संपर्क करू नये. गळ्यातलं ओळखपत्र आणि मोजपट्टी टपालाने येईल." बस्स. दोन वर्षं शेजारी बसलेला पोरगा असा टपालाने गेला. त्यानंतर आणखी दोघं तशीच गेली. मग आम्हाला सवय झाली. सकाळी कुणाची खुर्ची रिकामी दिसली की आम्ही त्या माणसाचा विचार सोडून फोनकडेच पाहायला लागलो.

आमचा धंदा शाळेच्या गणवेशांचा. जपानमधल्या या कोजिमा गावात निम्मी माणसं कपडे शिवतात आणि उरलेली विकतात. आम्ही विकणारे. जानेवारी-फेब्रुवारीत शाळाशाळांतून मुलांची मापं घ्यायची आणि एप्रिलच्या आत प्रत्येकाच्या अंगावर कोट चढवायचा. त्या दिवसांत आम्हाला मरायला फुरसत नसते, असं मी पूर्वी सहज म्हणायचे. आता म्हणत नाही.

मोतेगी साहेब विक्री विभागाचे प्रमुख. साठीला टेकलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घर म्हणजे दोन खोल्या आणि जीव म्हणजे ऑफिस. ते काही संत नव्हते. नव्या पोरांना चारचौघांत फाडून खायचे. बैठकीनंतर दारू प्यायला चला म्हटलं की नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. पण माणूस कामावर आला नाही तर ते तासभर वाट बघायचे, फोन करायचे, आणि फोन उचलला नाही तर गाडी काढून थेट त्याच्या घरी जायचे. वाटेत कोपऱ्यावरच्या दुकानातून भाताची पेज आणि उमेबोशीचं आंबट लोणचं घ्यायचं आणि दार उघडेपर्यंत ठोकत राहायचं. अख्खी गल्ली बाहेर आली तरी त्यांना फिकीर नसायची.

ती पेज मीही खाल्ली आहे. तेवीस वर्षांची होते, एका मेल्याने मला सोडलं होतं आणि मी पांघरुणात तोंड खुपसून पडले होते. साहेबांनी दार इतकं बडवलं की वरच्या मजल्यावरची म्हातारी काठी घेऊन उतरली. मी दार उघडलं. त्यांनी माझ्या सुजलेल्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. पिशवी हातात दिली, "आंबट खा, डोकं ठिकाणावर येईल. उद्या आठ वाजता," म्हणाले आणि गेले. मला इतकी लाज वाटली की वर्षभर मी त्यांच्याशी नीट बोलले नाही. पेज मात्र सगळी संपवली होती.

आता त्सुकुदाचं. त्सुकुदा पंचवीस वर्षांची, कामाला चोख, जिभेला तिखट. गेल्या शरद ऋतूत तिने अंगात ताप म्हणून सुट्टी घेतली. ऑफिसच्या गटावर तसा निरोपही टाकला. साहेब तो गट कधी उघडायचेच नाहीत. दुपारी ही एकटी मुलगी दार किलकिलं करून बघते तर बाहेर ओव्हरकोट घातलेला धिप्पाड पुरुष. तिने मुख्य कार्यालयात तक्रार केली. तिचं चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही.

"उराबेसान, तुम्ही म्हणाल मी साहेबांना अडकवलं," ती मला म्हणाली होती.

"मी कशाला म्हणू? माझ्या वेळी तक्रार करायची सोय नव्हती, म्हणून मी पेज खाल्ली."

"वाईट नाहीयेत हो ते. पण माझं घर म्हणजे ऑफिसचं गोदाम आहे का, कुणीही यावं आणि दार वाजवावं?"

तक्रारीचं फळ म्हणून ओसाकाहून एक प्रशिक्षक आला. पांढरे बूट, दाढी कोरलेली. त्याने पडद्यावर चार रंगांच्या चार पिढ्या दाखवल्या. साहेब तपकिरी रंगात होते, त्सुकुदा फिक्या निळ्यात. मी कुठल्या तरी पिवळट पट्ट्यात होते, ना धड इकडे ना तिकडे. फिक्या निळ्यांना काय हवं असतं ते त्याने सांगितलं: अंतर. खाजगी प्रश्न विचारू नका. कामाच्या वेळेबाहेर फोन करू नका. जेवायला, प्यायला ओढून नेऊ नका. कुणी न सांगता आला नाही तर एक निरोप पाठवा आणि थांबा. घरी जाणं तर सोडाच, मनातसुद्धा आणू नका.

साहेब पहिल्या रांगेत बसून प्रत्येक वाक्याला मान डोलवत होते. आयुष्यभर ज्यांनी वरच्यांचं ऐकलं, ते आताही ऐकणारच. शेवटी ते उठले, त्सुकुदासमोर कमरेत वाकले आणि म्हणाले, "मला कुणी हे सांगितलं नव्हतं. माफ करा." ती बिचारी लाल झाली.

त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला. ओरडणं बंद झालं, त्याचं कुणाला दुःख नव्हतं. पण "जेवलास का?" सुद्धा बंद झालं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. साहेबांनी तर ताकाचं भांडंच फोडून टाकलं.

या सगळ्यात एक पोरगा पोरका झाला, तो हिओकी. योनागोजवळच्या डोंगरातला, उंच, पोक काढून चालणारा, विचारल्याशिवाय न बोलणारा. एप्रिलमध्ये लागला होता. का कोण जाणे, त्याला साहेबांच्या जुन्या गोष्टी आवडायच्या. दुपारी डबा घेऊन तो त्यांच्याच शेजारी बसायचा. उन्हाळ्यातलं त्यांचं एक बोलणं मी या कानांनी ऐकलंय.

"मग त्या माणसाने दार उघडलं का?" हिओकीने विचारलं होतं. साहेब कुठल्याशा जुन्या विक्रेत्याची गोष्ट सांगत होते.

"किल्ली घरमालकाकडून आणली. पण आतून साखळी! साखळी म्हणजे माझा जन्माचा वैरी. फटीतून हाक मारत बसायचं. आत माणूस पडलाय की झोपलाय, काही कळत नाही."

"मग मी साखळी लावणार नाही, साहेब."

"अरे गाढवा, चोर येईल!"

"माझ्याकडे चोरायला काय आहे? तुम्ही पेज घेऊन या म्हणजे झालं."

"तू एकदा दांडी मारून तर बघ. पेज नाही, चप्पल घेऊन येतो." दोघं हसत होते. मी पहिल्यांदाच त्या पोराचे दात बघितले.

प्रशिक्षणानंतर साहेब डबा घेऊन गाडीत जाऊन बसायला लागले. हिओकी काही दिवस त्या रिकाम्या खुर्चीशेजारी जेवला. मग एकदा माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

"उराबेसान, माझं काही चुकलं का?"

"नाही रे. साहेब शिकतायत."

"काय शिकतायत?"

"तुम्हा लोकांना एकटं सोडायला."

"मी तर तसं काही म्हटलं नव्हतं," तो म्हणाला आणि गेला.

जानेवारीतला तो सोमवार. दुपारी मोठ्या माध्यमिक शाळेत मापं घ्यायची होती आणि हिओकी आला नाही. मी निरोप पाठवला: "आज येणार आहेस का? कळव." निरोप गेला, पण वाचल्याची खूण काही उमटेना.

साहेब माझ्या मागे येऊन उभे राहिले. "वाचला?"

"नाही."

त्यांचा हात खिशात गेला, गाडीची किल्ली वाजली. मग त्यांनी त्सुकुदाकडे पाहिलं. शाळेत नवा मुलगा बाईंकडे पाहतो तसं. "त्सुकुदासान, याचा अर्थ काय असतो? न वाचणं?"

"मुद्दामच असतं ते, साहेब," त्सुकुदा म्हणाली. "उघडला तर वाचल्याचं दिसतं, मग उत्तर द्यावं लागतं. म्हणून उघडायचाच नाही. आम्ही सगळे तसंच करतो. त्याला आत्ता बोलायचं नाहीये, एवढाच अर्थ."

"म्हणजे राग आलाय?"

"रागच असं नाही. सोडायचं असेल. उद्यापर्यंत त्या लोकांचा फोन येईल बघा."

"फोन केला तर?"

"फोन तर मुळीच करू नका. फोनची आम्हाला भीती वाटते."

साहेबांनी किल्ली खिशातच सोडली. "बरं झालं विचारलं," म्हणाले, आणि मोजपट्ट्या गोळा करायला लागले. मी टेबलावरच्या फोनकडे हात नेला. पण मला वाटलं, पोरांचं पोरांना कळतं, मी पिवळट पट्ट्यातली बाई मध्ये कशाला नाक खुपसू?

मंगळवारी फोन आला नाही. निरोप तसाच, न वाचलेला. बुधवारी शाखाप्रमुख आले, सुटाबुटातला गुळगुळीत माणूस. म्हणाले, "चौथा ना हा? असो. मार्चनंतर एक माणूस कमी करायचाच होता. सुंठेवाचून खोकला गेला." साहेब मोजपट्ट्या गुंडाळत राहिले. पूर्वीचे असते तर टेबल पालथं केलं असतं.

त्या संध्याकाळी मी माझ्या सायकलकडे निघाले तर साहेबांची गाडी वाहनतळाच्या कोपऱ्यात उभी. आत ते बसले होते आणि पेज खात होते. गार झालेली, झाकणातूनच. शेजारच्या सीटवर उमेबोशीची डबी. मी काचेवर टकटक केलं.

"हिओकीकडे गेला होतात?"

"वळणापर्यंत गेलो होतो. त्याच्या खिडकीत दिवा होता. म्हणजे घरी आहे. म्हणजे ठीक आहे." मग म्हणाले, "दिवा आहे आणि येत नाही म्हणजे त्याला आपण नकोय. बरोबर ना, उराबेसान? हे अंतर ठेवणं फार अवघड आहे. पण शिकतोय मी."

मी म्हटलं, "पेज गार झालीये, टाकून द्या."

"अन्न आहे," ते म्हणाले आणि खात राहिले.

शुक्रवारी सकाळी फोन वाजला आणि मी त्या गोड आवाजाची तयारी करून तो उचलला. आवाज एका बाईचा होता, दमलेला, अदबीचा.

"मी हिओकीची आई. कामाच्या गडबडीत त्रास देतेय, क्षमा करा. पोरगा फोन उचलत नाहीये. म्हटलं, हंगाम आहे, उशिरापर्यंत काम असेल. रविवारी बोलताना खोकत होता, एवढंच. म्हणजे काळजी अशी नाही. तो कामावर आला नसता तर ऑफिसातून कळवलंच असतं ना आम्हाला."

मी फोनच्या तोंडावर हात ठेवला. साहेबांनी माझा चेहरा पाहिला आणि कोट न घालताच धावत सुटले. मी त्यांच्या मागे. वाटेत त्यांनी दुकानापाशी गाडी थांबवली. मला वाटलं, वेड लागलंय यांना. ते पेज घेऊन आले. पिशवी मी धरली.

हिओकीच्या दारावर त्यांनी मूठ उगारली, ठोकण्यासाठी. मग काय वाटलं कोण जाणे, मूठ उघडून हँडल नुसतं दाबलं. दार उघडलं. कुलूप नव्हतं. साखळी चौकटीला लोंबत होती.

हिओकी आतल्या खोलीत नव्हता. तिथे नुसता विस्कटलेला बिछाना होता, त्याच्याखाली बंद पडलेला फोन होता आणि वर दिवा जळत होता. हिओकी दाराशी होता. बूट काढतात त्या अरुंद जागेत, पांघरूण ओढत आणून, दाराकडे डोकं करून निजला होता. साहेब गुडघ्यावर बसले आणि त्यांनी त्याच्या कपाळावर हात ठेवला. किती तरी वेळ तो हात काढला नाही.

साथीचा ताप, तो छातीत उतरलेला. पोलिसांबरोबर आलेल्या डॉक्टरांनी तपासलं. साहेबांनी एकच प्रश्न विचारला, "कधी?" डॉक्टर म्हणाले, गुरुवार पहाटेच्या आधी नाही. वयाने तरुण होता, वेळेवर दवाखान्यात नेलं असतं तर निभावलं असतं.

गुरुवार पहाटेच्या आधी नाही. म्हणजे बुधवारी संध्याकाळी, वळणावर गाडी उभी होती तेव्हा, पोरगा दाराशी पडून वाट बघत होता. हे आम्हा दोघांनाही कळलं होतं.

अंत्यविधीला आम्ही योनागोला गेलो. बर्फ पडत होतं. त्सुकुदा सगळ्यात मागे उभी होती, तिला पुढे यायचं धाडस होत नव्हतं. हिओकीची आई ठेंगणी, हातांना भेगा पडलेली बाई होती. धूप लावून झाल्यावर ती आपण होऊन साहेबांपुढे आली आणि जमिनीवर हात टेकून वाकली.

"आपण मोतेगी साहेब ना? त्याने सांगितलं होतं तुमच्याबद्दल. तिकडे एकटा कसा राहशील म्हटलं तर म्हणायचा, 'आई, आमचे साहेब जुन्या वळणाचे आहेत. मी एक दिवस गेलो नाही तर दार फोडून आत येतील.' म्हणून मी निर्धास्त होते हो. फार उपकार झाले तुमचे."

तिच्या बोलण्यात काडीचा टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. साहेब तिच्यासमोर वाकले ते वाकलेलेच. शेवटी मी आणि त्सुकुदाने दोन्ही बाजूंनी धरून त्यांना उठवलं.

मुख्य कार्यालयाने तपास केला. सगळं नियमाप्रमाणे झालं होतं, त्यामुळे दोष कुणाचाच निघाला नाही. नवा नियम आला: दोन दिवस निरोप न वाचल्यास घरच्यांना कळवावं. पांढऱ्या बुटांचा प्रशिक्षक पुन्हा येणार असंही कळलं. मला त्याच्या त्या रंगीत पट्ट्यांवर काळी शाई ओतावीशी वाटली. नंतर वाटलं, त्याला तरी काय बोलायचं? त्याने अंतर ठेवायला सांगितलं. माणूस विसरायला आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

साहेब रोज येत राहिले. मापं घेत राहिले. मग फेब्रुवारीत एका सकाळी त्यांची खुर्ची रिकामी दिसली, आणि मी बघते तोच फोन वाजला.

"आपल्याकडील मोतेगी यांच्या वतीने बोलतो आहे," तोच गोड आवाज म्हणाला. "आजपासून ते कामावर येणार नाहीत. कृपया त्यांच्याशी थेट संपर्क करू नये."

मी फोन ठेवला. त्सुकुदा माझ्याकडे बघत होती. मी सांगितलं तर आधी तिला पटेना. "साहेब? भाड्याने माणूस लावून?" मग ती खाली बघत म्हणाली, "माझ्याकडूनच शिकले असतील. सगळं माझ्याकडूनच शिकत होते ना."

शाखाप्रमुख आपल्या खोलीतून म्हणाले, "संपर्क करायचा नाही हं. नियम आहे."

त्सुकुदाने खुंटीवरचा कोट काढला. "उराबेसान, तुमच्याकडे गाडीची किल्ली आहे?"

"ऑफिसच्या गाडीची आहे."

"चला मग."

दुकानापाशी ती स्वतः उतरली आणि पेज घेऊन आली. साहेबांचं दार तिनेच ठोकलं, आधी बोटांनी, मग मुठीने, मग दोन्ही मुठींनी. "साहेब! मोतेगी साहेब! मी त्सुकुदा!" इतक्या मोठ्याने की शेजारचा म्हातारा टूथब्रश तोंडात धरून बाहेर आला. मी त्याला वाकून नमस्कार केला आणि म्हटलं, अजून थोडा वेळ त्रास होईल.

शेवटी दार हललं. साखळीच्या लांबीएवढंच उघडलं. फटीत वाढलेली दाढी आणि एक डोळा दिसला.

"घरी यायचं नसतं," आतून साहेब म्हणाले. आवाज ओळखू येईना. "मला शिकवलंय. जा तुम्ही."

"पेज आणलीये," त्सुकुदा म्हणाली.

"बाहेर ठेवा."

"नाही ठेवणार. निवतेय ती. साखळी काढा."

"त्सुकुदासान, मी वळणावरून परत फिरलो. दिवा दिसत होता मला."

"मीच सांगितलं होतं तुम्हाला, मुद्दाम वाचत नाहीत म्हणून!" ती आता रडत होती आणि ओरडतही होती. "मी सांगितलं होतं! साखळी काढा ना साहेब, माझ्याने एकटीने घरी जाववत नाही!"

डोळा फटीतून बाजूला झाला, पण दार बंद झालं नाही. त्सुकुदाने पिशवी फटीत घालून पाहिली. डबा मोठा होता, मावेना. तिने हात तसाच फटीत ठेवला, साखळीखाली, दार मिटलं तर बोटं चिरडतील असा.

"काढ तो हात," आतून साहेब म्हणाले.

तिने काढला नाही. मी तिच्या शेजारी पायरीवर बसले. पेजेची वाफ केव्हाच संपली होती आणि म्हातारा अजून टूथब्रश धरून उभा होता.